दीर्घ आजार सांभाळून नर्स, टेक्निशियन किंवा डॉक्टर कसं व्हायचं: खान्देशातल्या मुलामुलींसाठी

बारावीचा निकाल लागला की धडगाव, साक्री, चोपडा, शिरपूरकडचे पालक कॉलेजात चौकशीला येतात. फी झाली, होस्टेल झालं, तरी काही जण उठत नाहीत. मग आई हळूच विचारते, "मॅडम, आंडेरले सिकलसेल शे. तिले झेपी का?" म्हणजे पोरीला सिकलसेल आहे, तिला झेपेल का? कधी सिकलसेलच्या जागी लहानपणापासूनची शुगर असते, कधी फिट येतात, कधी दमा, संधिवात किंवा हृदयाची झडप.

मला शाळेत असतानाच टाइप वन डायबिटीस झाला. इन्सुलिन घेत घेतच जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आणि आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. त्या आईला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण नुसत्या आजाराच्या नावावरून काहीच ठरत नाही. आजार किती आटोक्यात आहे, निवडलेलं काम शरीराकडून काय मागतं आणि कॉलेजला आधी कळवलंय की लपवलंय, यावर बरंचसं अवलंबून असतं. म्हणून अकरावी-बारावीपासून नोकरीपर्यंत काय काय करायचं ते इथे क्रमाने सांगते.

आधी आजाराचा खरा रिपोर्ट हातात घ्या

सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, यापासून सुरुवात करते, कारण सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा, गावित, मावची, तडवी समाजात तो बऱ्यापैकी आढळतो आणि त्याबद्दलचा गोंधळही तितकाच मोठा आहे. शाळेत किंवा शिबिरात बोटातून रक्त घेतात, सोल्युबिलिटी टेस्ट 'पॉझिटिव्ह' येते आणि घरचे मुलीचं सायन्स सोडवायला निघतात. पण या टेस्टमधून एवढंच कळतं की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मुलगी नुसती वाहक आहे, म्हणजे 'एएस', की तिला प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे 'एसएस', हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी करावी लागते. आरोग्य केंद्रातून सिव्हिलला किंवा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवायला सांगा. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायचं ठरलेलं आहे, त्यामुळे टेस्ट मागायला संकोच करू नका.

रिपोर्ट एएस आला तर मुलगी आजारी नाही. तिला नर्सिंग, एमबीबीएस, लॅब, काहीही करता येईल. भर उन्हात पाण्याशिवाय अंगमेहनत टाळायची एवढंच. आणि लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करायची, कारण दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला एसएस होण्याची शक्यता 25 टक्के असते. ही तपासणी मुलाकडच्यांनीही करायची असते. मुलीचा रिपोर्ट लपवून आणि तिचं शिक्षण थांबवून तो प्रश्न सुटत नाही.

रिपोर्ट एसएस असेल तर पुढचे प्रश्न येतात. मागच्या वर्षभरात अंगदुखीचे झटके किती आले, किती वेळा ॲडमिट व्हावं लागलं, रक्त किती वेळा चढवलं? हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का आणि ती रोज घेतली जाते का? या गोळीने बहुतेकांचे झटके बरेच कमी होतात, पण ती नेमाने घ्यावी लागते आणि तिच्यासोबत ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करावी लागते. गावाला गेलं की बंद, दुखलं की चालू, असं केलं तर तिचा उपयोग होत नाही.

टाइप वनवाल्यांनी दर तीन महिन्यांची एचबीएवनसी (सरासरी साखर दाखवणारी तपासणी) आणि रोजच्या शुगरची वही सोबत ठेवायची. फिट येणाऱ्यांनी शेवटची फिट कधी आली आणि त्याआधी काय घडलं होतं, झोप झाली नव्हती की गोळी चुकली होती, ते लिहून ठेवायचं. दमा असेल तर धूळ, थंडी की रसायनांचा वास, नेमकं कशाने वाढतो ते लिहायचं.

वही एका वर्षाची असावी, कारण आपल्याकडचे ऋतू टोकाचे आहेत. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तर डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला कडाक्याची थंडी पडते. अंगातलं पाणी कमी होणं आणि थंडी या दोन्हींनी सिकलसेलचा झटका येऊ शकतो. कोणत्या महिन्यात आपल्याला जास्त त्रास होतो ते वहीत दिसलं की पुढची पायरी सोपी जाते.

कोर्स निवडताना कामाचे तास पाहा

आपल्याकडे कोर्स मार्कांवर निवडतात. नीटला मार्क मिळाले तर एमबीबीएस, नाही तर बीएएमएस, नाही तर नर्सिंग. दीर्घ आजार असेल तर या क्रमाच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायचा: हे काम दिवसाचे किती तास उभं राहून आहे, रात्री आहे का, आणि मधे बसायला, खायला, पाणी प्यायला मिळतं का?

नर्सिंगमध्ये पायावर उभं राहणं आणि रात्रपाळी टळत नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. एक नियम ॲडमिशनच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. बीएस्सी नर्सिंगला परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, पण पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी 100 टक्के पूर्ण असावी लागते. म्हणजे आजारपणात बुडालेली वॉर्डाची ड्युटी माफ होत नाही, सुट्टीत भरून काढावी लागते. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस ॲडमिट होणारी मुलगी ते भरून काढू शकते. महिन्यातून एकदा ॲडमिट होणाऱ्या मुलीची मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत फार ओढाताण होते, हे मी पाहिलं आहे.

माझं मत स्पष्ट सांगते. टाइप वन डायबिटीस असेल आणि शुगर स्वतः मोजून इन्सुलिन कमी-जास्त करायची सवय असेल, तर नर्सिंग बिनधास्त करावं. औषधाने थांबलेल्या थायरॉईडला, आटोक्यातल्या दम्याला काहीच अडचण नाही. सिकलसेलचे झटके वारंवार येत असतील तर मी लॅब टेक्निशियन, रक्तपेढी, फार्मसी किंवा समुपदेशन सुचवते. या कामांत पाण्याची बाटली जवळ राहते, बसता येतं आणि बऱ्याच ठिकाणी तास ठरलेले असतात. सिकलसेल आणि एचआयव्हीच्या कार्यक्रमांत समुपदेशक लागतात. पावरी किंवा भिली बोलणारी, आजार स्वतः जगलेली मुलगी त्या खुर्चीवर बसली तर समोरच्या बाईला जो धीर येतो तो छापील पत्रकाने येत नाही.

झोपमोड झाली की फिट येते असं वहीत दिसत असेल तर रात्रपाळीच्या कामापासून दूरच राहावं. ऑपरेशन थिएटरमध्ये हातात धारदार हत्यार घेऊन उभं राहणंही अशांसाठी बरं नाही. हाताच्या सांध्यांचा संधिवात असेल तर फिजिओथेरपी अवघड जाते, कारण पेशंट उचलावा आणि धरावा लागतो. दमेकऱ्याने लॅबमध्ये फॉर्मॅलिनचा वास सोसतो का ते आधी तपासून पाहावं.

एमबीबीएस साडेपाच वर्षांचं, त्यातलं शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. खरा कस तिथे आणि पुढे पीजीला लागतो. पण एमबीबीएसनंतरच्या वाटाही पुष्कळ आहेत: पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, रेडिओलॉजी, सामुदायिक वैद्यकशास्त्र. या विषयांत रात्री-बेरात्री पळापळ तुलनेने कमी असते.

निवडण्याआधी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ओळखीच्या सिस्टरला विचारून एखादी सकाळ जाऊन बसा. ओपीडीची गर्दी, लॅबची खिडकी, ड्रेसिंगची खोली, औषधवाटप सगळं नजरेखालून घाला. शक्य असेल तर एक संध्याकाळही थांबा.

कागद: कोणाला काय मिळतं

या भागात लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडं सावकाश वाचा.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार दिले आहेत. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनसारखे दीर्घ मज्जाविकारही आहेत. टाइप वन डायबिटीस त्यात नाही. म्हणजे माझ्यासारखीला नुसत्या डायबिटीसवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा जास्त आलं तर शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के राखीव जागांचा आणि वयात 5 वर्षांच्या सवलतीचा लाभ घेता येतो. नोकरीतलं 4 टक्के आरक्षण मात्र वेगळं आहे. ते अंध-अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि त्यासोबतचे प्रकार, तसंच स्वमग्नता, बौद्धिक व मानसिक प्रकार आणि बहुविकलांग यांच्यासाठी आहे. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. त्यामुळे सिकलसेलच्या प्रमाणपत्रावर शिक्षणात जागा मिळू शकते, पण नोकरीत त्यावर आरक्षण मिळेल असं गृहीत धरून चालू नका. शिवाय नर्सिंग, फार्मसी, वैद्यकीय अशा प्रत्येक शाखेची परिषद आपल्या कोर्सला कोणतं दिव्यांगत्व चालतं याचे नियम वेगळे करते. त्या वर्षाचं माहितीपत्रक उघडून तेवढं पान वाचल्याशिवाय फॉर्ममध्ये दिव्यांगच्या रकान्यात खूण करू नका.

प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार आणि फोटो जोडायचा, जवळचं शासकीय रुग्णालय निवडायचं आणि वैद्यकीय बोर्डाच्या तपासणीच्या दिवशी सगळी कागदपत्रं घेऊन जायचं. सिकलसेलमध्ये टक्केवारी ठरवताना झटके, रक्त चढवणं आणि हाडं, मेंदू, डोळे अशा अवयवांवर झालेला परिणाम बघतात. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. गावाकडे डिस्चार्ज कार्ड पावसाळ्यात भिजतं, उंदीर खातात, नाहीतर 'आता बरी झाली' म्हणून टाकून देतात. प्रत्येक कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

नीटमधून दिव्यांग कोट्यात जायचं असेल तर ठरवून दिलेल्या केंद्रांवरच तपासणी होते. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबई. निकालानंतर दिवस फार थोडे मिळतात, तेव्हा फाइल एप्रिलमध्येच तयार असू द्या. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं की नुसत्या टक्केवारीवरून एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही, तो विद्यार्थी कोर्स पूर्ण करू शकतो का हे मंडळाने पाहायला हवं. कोणी टक्केवारीच्या आकड्याकडे बोट दाखवून परत पाठवलं तर कारण लेखी मागा.

आदिवासी मुलामुलींना अनुसूचित जमातीच्या जागा आहेतच. पण जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो आणि ॲडमिशन तिथेच अडकते. अकरावीतच अर्ज करा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, आणि वसतिगृह नाही मिळालं तर राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वयं योजना, ही माहिती आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात मिळते. सिकलसेलच्या रुग्णांना एसटीत प्रवास सवलतही आहे. कोणत्या गाडीत चालते आणि कोणता दाखला लागतो ते आगारात विचारून घ्या.

फिटनेस सर्टिफिकेटबद्दल माझा आग्रह आहे. कोर्सला प्रवेश घेताना ते लागतंच आणि बरेच जण ओळखीच्या डॉक्टरकडून 'कोणताही आजार नाही' असं लिहून आणतात. तसं करू नका. पुढे वॉर्डात काही झालं तर पहिलं बोट त्या कागदाकडे जातं आणि मुलगी खोटारडी ठरते. तुमचे नेहमीचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून खरं लिहून घ्या: 'टाइप वन डायबिटीस आहे, इन्सुलिनवर नियंत्रणात आहे, नर्सिंगच्या अभ्यासक्रमासाठी सक्षम आहे.' या तीन वाक्यांत सगळं येतं.

परीक्षा उन्हाळ्यात असते

नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे येते. घरात पाहुणे, बाहेर लू आणि दुपारचा पेपर. केंद्र दूरचं आलं तर रात्रीच्या एसटीने जागत जाऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. सिकलसेलच्या मुलांनी सकाळपासून घोट घोट पाणी प्यायचं आणि लघवीचा रंग फिकट आहे ना ते पाहायचं.

डायबिटीसवाल्यांना राष्ट्रीय प्रवेश परीक्षांत साखरेच्या गोळ्या, फळं आणि पारदर्शक पाण्याची बाटली आत नेऊ देतात. त्या वर्षीच्या माहितीपत्रकातलं ते पान छापून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत गेटवर दाखवायला ठेवा. चॉकलेट, बिस्किटपुडा गेटवरच काढून घेतात. दिव्यांग प्रमाणपत्रावर जादा वेळ हवा असेल तर तो अर्ज भरतानाच मागावा लागतो, परीक्षेच्या दिवशी कोणी देत नाही. राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षांसाठी त्यांचं त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहा.

कॉलेजला आणि होस्टेलला काय सांगायचं

सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. प्राचार्य, क्लास को-ऑर्डिनेटर, रेक्टर आणि एक रूममेट, एवढ्यांना सांगा. पहिल्या महिन्यात, तब्येत चांगली असताना आणि लेखी सांगा. झटका आल्यावर सांगितलं की ऐकणाऱ्याला तो बहाणा वाटतो.

पत्र एका पानाचं असावं. 'मला सहकार्य करावे' असं मोघम लिहिलं तर कोणी काही करत नाही. नेमकं मागा, म्हणजे मिळतं. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलेला मजकूर असा होता:

"मला सिकलसेल एसएस आहे व नियमित उपचार चालू आहेत. वॉर्डात पाण्याची बाटली नर्सिंग स्टेशनवर ठेवण्याची व दर तासाला पाणी पिण्याची परवानगी मिळावी. खोली तळमजल्यावर असावी. हिवाळ्यात आंघोळीला गरम पाणी मिळावे. ताप आल्यास मला त्याच दिवशी रुग्णालयात जाऊ द्यावे. आजारपणात बुडालेली ड्युटी मी त्याच सत्राच्या सुट्टीत भरून काढीन, त्याचे वेळापत्रक मॅडमनी द्यावे."

शेवटचं वाक्य फार मोलाचं. मुलगी काम टाळत नाही, वेळ मागते आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पत्राची एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा.

रूममेटला दोन गोष्टी शिकवून ठेवायच्या. शुगर 70 च्या खाली गेली आणि मी शुद्धीवर असेन, तर ग्लुकोज पावडर किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायची. मी बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन करायचा. शेव-मुरमुरे किंवा केळं हे पहिलं औषध नाही, कारण त्याने साखर हळू चढते. ते नंतर खायचं. आणि श्रावणात सगळ्या खोलीने उपास धरला तरी इन्सुलिन घेणारीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

वॉर्डात: इन्सुलिन, पाणी, थंडी, सुई

इथे बारकावे महत्त्वाचे. इन्सुलिनच्या पेनवर पांढरी चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव आणि पेन उघडल्याची तारीख लिहायची. वॉर्डाच्या औषधाच्या ट्रॉलीवर ते कधीच ठेवायचं नाही, कारण घाईत कोणी पेशंटसाठी उचललं तर दोघांनाही धोका. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा फ्रिज, ज्याला आपण आयएलआर म्हणतो, तो फक्त लसींसाठी असतो. त्यात स्वतःचं इन्सुलिन ठेवणं नियमात बसत नाही, कितीही जागा असली तरी. न उघडलेलं इन्सुलिन साध्या फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवायचं. वापरातलं बहुतेक इन्सुलिन 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं, नेमकं किती ते त्याच्या पत्रकावर असतं.

पण आपल्या मे महिन्यात खोलीत 30 अंश कुठून आणायचे? लाइट गेलेली, होस्टेलला फ्रिज नाही. मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू भरा, त्यात लहान मडकं बसवा, मडक्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन ठेवा, वरून ओलं फडकं टाका आणि कुंडी सावलीत, हवा लागेल अशा जागी ठेवा. आपली हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय खान्देशात चांगला चालतो. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. गाडीच्या डिकीत इन्सुलिन ठेवून नंदुरबारहून धडगावला गेलात तर पोहोचेपर्यंत ते खराब झालेलं असू शकतं.

रात्रपाळीआधी पोटभर जेवा. भाकरी, वरण, भाजी असं सावकाश पचणारं. रोजचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन ठरल्या वेळीच घ्या. पाळी बदलली म्हणून ती वेळ मनाने बदलू नका, डॉक्टरांसोबत ठरवा. ड्युटी हातात घेण्याआधी, मध्यरात्रीनंतर आणि सकाळी गाडीला किक मारण्याआधी शुगर तपासा. एप्रनच्या खिशात ग्लुकोज कायम हवं. हात थरथरत असताना इंजेक्शनचा डोस भरायचा नाही. सोबतच्या सिस्टरला 'पाच मिनिटं सांभाळ' म्हणायचं आणि बसायचं. पेशंटच्या सुरक्षेसाठी हे करावंच लागतं, त्यात कमीपणा नाही.

सिकलसेलवाल्या मुलींसाठी पाण्याचा मुद्दा पुन्हा सांगते. नर्सेस पाणी पीत नाहीत, कारण वॉर्डात बाथरूमची सोय नसते आणि जायला वेळ नसतो. बाकीच्यांना ते चालून जातं, तुम्हाला नाही. थिएटर आणि आयसीयूच्या एसीत आतून उबदार बनियन घाला. ताप 101 च्या वर गेला तर क्रोसिन घेऊन ड्युटी ओढायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सिकलसेलमध्ये प्लीहा नीट काम करत नसल्याने साधा वाटणारा जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो.

वॉर्डात पाऊल टाकण्याआधी लसी घ्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, नंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. सिकलसेल असेल तर न्यूमोकोकलची लस. प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जिवंत लसी डॉक्टरांना विचारूनच. डायबिटीस असलेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, तेव्हा टीबी वॉर्डात एन-95 मास्क लावूनच जा आणि दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासा. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक गोळी जमलं तर दोन तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवी.

नोकरी घेताना

शासकीय नोकरीत नेमणुकीच्या वेळी वैद्यकीय तपासणी होते. तिथेही फाइल खरीच दाखवा. 'अनफिट' लिहिलं तर कारण लेखी घ्या आणि फेरतपासणी मागा. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर शासकीय आस्थापनेला त्या कारणाने काढून टाकता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी 2017 चा वेगळा कायदा आहे. नोकरी देण्याची अट म्हणून कोणी एचआयव्ही टेस्ट मागू शकत नाही.

खासगी हॉस्पिटलात सही करण्याआधी विचारा: सलग किती रात्री लावतात, डबल ड्युटी पडते का, ग्रुप विम्यात आधीपासूनचा आजार धरतात का?

पोस्टिंगची जागा पगारापेक्षा आधी बघा. मोलगी, धडगावच्या बाजूला समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जायला माणसं हवीच आहेत आणि तिथलीच भाषा बोलणारी मुलगी तिथे गेली तर फार चांगलं. पण स्वतःला वरचेवर रक्त लागत असेल तर जवळची रक्तपेढी किती तासांवर आहे, पावसाळ्यात घाट बंद पडला तर काय, हे आधी पाहायला हवं. अशा मुलीने नंदुरबार, शहादा किंवा तळोद्याच्या जवळचं ठिकाण अर्जात लेखी मागावं, कारणासह. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाचं नाव आहे का तेही पाहून ठेवा. आणि हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांनी, मुलगी असो वा मुलगा, मूल होऊ देण्याचं ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलायचंच.

मधेच वर्ष मोडलं तर

आजारपणात एखादं सत्र जातं. तेव्हा घरचे पहिल्यांदा काय करतात, तर टीसी काढायला येतात. थांबा. आधी डॉक्टरांचं पत्र जोडून वैद्यकीय रजेचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि शिष्यवृत्ती व वसतिगृहाचं काय होईल ते कार्यालयात विचारा. कोर्स खरोखर झेपत नाही असं दोन सत्रांत दिसलं तर बदलायला हरकत नाही. बारावी सायन्सवर लॅबचा डिप्लोमा किंवा फार्मसी अजून खुली असते आणि जीएनएम पूर्ण केलेलीला पोस्ट बेसिक बीएस्सी करून शिकवण्याकडे वळता येतं. पण टीसीवर सही करण्याआधी प्राचार्यांना लेखी विचारा की राहिलेलं क्लिनिकल पुढच्या बॅचबरोबर पूर्ण करता येईल का, आणि उत्तरही लेखीच घ्या.